शिकारी जातीचा कुत्रा दत्तक घेताना: सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर शहर आणि आसपासच्या तालुक्यांतून सोडवलेली, रस्त्यावर सोडून दिलेली किंवा मालकाने स्वतःहून आणून दिलेली शिकारी जातींची कुत्री आमच्याकडून दत्तक घेऊन घरी नेण्याचा विचार करणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. आपल्या भागात निवाऱ्याच्या शोधात असणाऱ्या अशा कुत्र्यांमध्ये कारवानी आणि ग्रेहाउंडचा संकर असलेली कुत्री अधिक दिसतात, म्हणून बहुतेक उत्तरे त्यांना धरून लिहिली आहेत.

शिकारी जातीचा कुत्रा म्हणजे नेमका कोणता?

शिकारी जातींचे ढोबळ तीन प्रकार आहेत. नजरेने सावज हेरून वेगाने पाठलाग करणारी कुत्री हा एक प्रकार. कारवानी ऊर्फ मुधोळ, लांब केसांची पश्मी आणि ग्रेहाउंड त्यात येतात. जमिनीवरचा वास धरून माग काढणारा बीगल हा दुसरा. लपलेला पक्षी हेरून दाखवणारा पॉइंटर, बंदुकीने पाडलेला पक्षी आणून देणारा लॅब्राडोर यांसारखी कुत्री तिसऱ्या प्रकारात मोडतात. लॅब्राडोरला आपण शिकारी म्हणत नाही, पण घरातली प्रत्येक चप्पल तोंडात घेऊन हिंडण्याची त्याची सवय तिथूनच आलेली आहे.

कारवानी हा दख्खनचा कुत्रा आहे. विजापूरच्या पलीकडे, आजच्या बागलकोट जिल्ह्यातील मुधोळ संस्थानात मालोजीराव घोरपडे यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याची जोपासना केली, म्हणून मुधोळ हे नाव त्याला चिकटले. भारतीय टपाल खात्याने २००५ साली देशी श्वानजातींवर तिकिटे काढली, त्यांत मुधोळ हाउंड होता, आणि अलीकडे सैन्यानेही या जातीला प्रशिक्षण देऊन पाहिले आहे. सोलापूर जिल्ह्यातील वस्त्यांवर मात्र त्याला आजही कारवानी म्हणूनच ओळखतात.

इतकी देखणी कुत्री लोक सोडून का देतात?

बहुतेक वेळा दोष कुत्र्याचा नसतो. कोणी श्वान शर्यतीसाठी कुत्रा पाळतो आणि तो मागे पडू लागला किंवा पाय दुखावला की त्याचा खुराक बंद होतो. कोणी पिलाच्या डौलाला भुलून ते शहरातल्या फ्लॅटमध्ये आणतो आणि वर्षभरात शेजारच्यांची मांजर मारली गेली की हात टेकतो. वस्तीवरच्या कोंबड्या खाल्ल्या, शेजाऱ्याच्या शेळीमागे लागला, बदली झाली, घरमालक नको म्हणाला, अशी कारणे वरचेवर ऐकू येतात. यांतील जवळजवळ सगळ्यांचा अंदाज कुत्रा आणण्याआधी बांधता आला असता.

याला दिवसाला किती किलोमीटर पळवावे लागेल?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, आणि तो थोडा चुकीच्या दिशेने विचारला जातो. ग्रेहाउंड ताशी ६० ते ७० किलोमीटरपर्यंत वेग गाठू शकतो, हे ऐकून लोकांना वाटते की त्याला रोज पाच-दहा किलोमीटर पळवले नाही तर तो घर डोक्यावर घेईल. प्रत्यक्षात नजरेने शिकार करणारी कुत्री लांब पल्ल्याची नसतात. त्यांची शर्यत काही सेकंदांची, फार तर मिनिटभराची असते, आणि ती संपली की दिवसाचा मोठा भाग ती पाय पसरून झोपून काढतात. प्रौढ, निरोगी कारवानीला सकाळ-संध्याकाळ मिळून दीड ते दोन तास पट्ट्यावर चालणे आणि आठवड्यातून दोन-तीन वेळा बंदिस्त जागेत मनसोक्त धावणे पुरते. पॉइंटर किंवा बीगलचे गणित वेगळे आहे. ती तासन्‌तास न थकता चालतात आणि त्यांना काम नसेल तर ती स्वतः काम शोधतात.

धावण्याची जागा रोज मिळणार नसेल, तर एक साधा खेळ उपयोगी पडतो. लांब काठीच्या टोकाला दोरी बांधावी, दोरीच्या टोकाला जुन्या टॉवेलचा बोळा अडकवावा आणि तो जमिनीलगत गोल फिरवावा. कुत्र्याचे डोळे, पाय आणि डोके एकाच वेळी कामाला लागतात. आधी दहा मिनिटे चालवून स्नायू मोकळे करून घ्यावेत, खेळ पाच-सात मिनिटांत थांबवावा आणि अधूनमधून बोळा त्याला खरोखर पकडू द्यावा, कारण कधीच हाती न लागणाऱ्या सावजामागे पळवलेला कुत्रा शांत होण्याऐवजी चिडचिडा होतो. फरशीवर हा खेळ खेळू नये, मातीच हवी.

शिकवून तयार केल्यावर त्याला मोकळे सोडता येईल का?

उघड्या माळावर, रस्त्यालगत किंवा कुंपण नसलेल्या शेतात सोडता येणार नाही. अनेकांना हे उत्तर पटत नाही, म्हणून कारण सविस्तर सांगतो. हाक मारल्यावर परत येणे कारवानीला शिकवता येते, घरात आणि अंगणात तो ते चोख पाळतोही. परंतु दोनशे पावलांवर ससा उठला की पाठलाग सुरू होतो आणि त्या क्षणी तुमचा आवाज त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. हा हट्ट किंवा अवज्ञा नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या माणसाने याच गुणासाठी त्याची निवड केली, आणि माणसाच्या आज्ञेची वाट न पाहता स्वतः निर्णय घेणारा कुत्रा चांगला शिकारी ठरला. तो पाठलाग विजापूर रस्त्यावर किंवा रेल्वेच्या रुळांवर जाऊन संपू शकतो.

दुसरे कारण आपल्या जिल्ह्याचे आहे. सोलापूरच्या उत्तरेला नान्नजच्या परिसरात १९७९ साली घोषित झालेले माळढोक अभयारण्य आहे, आणि त्याच्या हद्दीबाहेरच्या गवताळ माळांवरही काळवीट, ससे, खोकड आणि लांडगे राहतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील शिकारीच्या व्याख्येत केवळ मारणे येत नाही. प्राण्याला पकडणे, हाकणे, कुत्र्यांकरवी त्याचा पाठलाग करणे आणि तसा प्रयत्न करणे हेही येते. शिवाय लस न टोचलेला कुत्रा माळावर डिस्टेंपर हा विषाणूजन्य आजार किंवा रेबीज पसरवू शकतो, आणि लांडग्यांच्या लहान कळपाला असा एक आजार पुरेसा असतो. पहाटे मोटारसायकलच्या मागे कुत्रा पळवत माळावर नेण्याची पद्धत कितीही जुनी असली, तरी आमच्याकडून कुत्रा नेणाऱ्यांना ती मोकळीक नाही.

मग त्याला धावायला जागा कुठली?

सहा फूट उंचीची भिंत किंवा जाळी असलेली कोणतीही मोकळी जागा चालते. शेतातले कुंपण घातलेले आवार, एखाद्या नातेवाइकाचा रिकामा प्लॉट, सुट्टीच्या दिवशी परवानगी घेऊन वापरता येणारे बंदिस्त मैदान, असे पर्याय शहरात थोड्या खटपटीने सापडतात. काटेरी तारेचे कुंपण उपयोगाचे नाही, कारण वेगात असलेल्या कुत्र्याला तार दिसत नाही आणि त्याची पातळ कातडी कापडासारखी फाटते. विहीर उघडी नाही ना, हे आधी पाहावे. घराच्या गच्चीला धावण्याची जागा समजू नये. कठड्यापलीकडे कबुतर उडाले आणि कुत्रा त्यामागे झेपावला, तर खाली काय आहे याचा विचार तो करत नाही.

साधा पट्टा चालेल का?

चालणार नाही. या कुत्र्यांची मान डोक्यापेक्षा जाड असते, त्यामुळे साधा पट्टा मागे सरकताच सहज निघून येतो. ओढ बसल्यावर ठरावीक मर्यादेपर्यंतच आवळणारा, दोन ते तीन इंच रुंद मार्टिंगेल पट्टा घ्यावा, किंवा छातीभोवतीचा नीट मापाचा हार्नेस. पहिले काही आठवडे दोन्ही एकदम वापरणे शहाणपणाचे ठरते. आपोआप गुंडाळली जाणारी लांब दोरी मात्र टाळावी. कुत्रा दोन-तीन झेपांत पूर्ण वेग पकडतो, दोरी संपते, आणि मानेला बसणारा हिसका घातक असतो.

आम्ही जुळे सोलापुरात दुसऱ्या मजल्यावर फ्लॅटमध्ये राहतो. आम्हाला कुत्रा मिळेल का?

मिळू शकतो. कारवानी कमी भुंकतो, घरात शांत असतो, त्याच्या अंगाला फारसा वास येत नाही आणि केसही कमी गळतात. फ्लॅटमध्ये अडचण जागेची नसते, सातत्याची असते: रोज दोनदा, पावसातही, कोणीतरी त्याला खाली न्यायचे आहे, आणि हे काम घरातल्या कोणत्या माणसाचे आहे ते कुत्रा येण्याआधी ठरायला हवे. बीगल फ्लॅटमध्ये देताना आम्ही अधिक विचार करतो, कारण त्याचा गळा लांबून माग सांगण्यासाठीच घडलेला आहे आणि शेजारी तो रोज ऐकणार असतात.

आम्ही दोघेही दिवसभर कामावर असतो. त्याला अंगणात बांधून ठेवले तर?

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमातील कलम ११ नुसार, प्राण्याला अवास्तव आखूड किंवा जड साखळीने गैरवाजवी काळ बांधणे हा गुन्हा आहे, आणि नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेशी हालचाल न करू देणे हाही गुन्हाच आहे. कायदा बाजूला ठेवला, तरी बांधलेला शिकारी कुत्रा दिवसभर समोरून जाणारी मांजरे, खारी आणि सायकली पाहत तळमळतो, आणि संध्याकाळी तुमच्या हाती येतो तो कुत्रा वेगळाच असतो. घरातली एक खोली, पंखा, पाणी आणि सकाळी नीट झालेले चालणे एवढे असेल, तर प्रौढ कुत्रा पाच-सहा तास निवांत झोपतो. पिलाला मात्र इतका वेळ एकटे ठेवता येत नाही.

घरात मांजर आहे, मागे कोंबड्या आहेत.

कोंबड्या असतील तर कारवानी नेऊ नये. मांजराबाबत त्या विशिष्ट कुत्र्यावर अवलंबून आहे. काही कुत्री घरातल्या मांजराशी जमवून घेतात, पण तेच मांजर अंगणात पळताना दिसले की ते त्यांच्या लेखी सावज होते. तुमच्या घरी मांजर असल्यास कुत्र्याला जाळीचे मुसके घालून, पट्ट्यावर ठेवून, तो मांजराकडे कसा पाहतो ते आम्ही आधी तपासतो. शेळ्या-मेंढ्यांच्या बाबतीतही हीच काळजी घ्यावी लागते.

लहान मुलांबरोबर कसा वागतो?

बहुधा सौम्यपणे आणि थोडे अंतर राखून. त्याला गळ्यात पडणे आवडत नाही आणि झोपेत कोणी अंगावर पडले तर तो दचकतो, म्हणून त्याची झोपण्याची जागा मुलांना वर्ज्य असावी. कोणताही कुत्रा चावला, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

बरगड्या दिसतात. उपाशी आहे का?

शेवटच्या दोन-तीन बरगड्या आणि कमरेची हाडे किंचित दिसणे या जातींत निरोगीपणाचे लक्षण आहे. पाठीचा कणा मण्यांसारखा वर आला असेल किंवा मांड्या खपाटीला गेल्या असतील, तर ती उपासमार आहे. शेजारीपाजारी ‘खायला घालत नाही का’ असे विचारतील. त्यांच्या समाधानासाठी त्याला जाड करू नये, कारण जादा वजनाचा भार त्याच्या बारीक पायांवर येतो.

ज्वारीची भाकरी आणि दूध पुरेल का? आमच्या घरात मांसाहार होत नाही.

वस्तीवरची कितीतरी कुत्री भाकरी-दुधावर जगतात, पण जगणे आणि स्नायू टिकणे या वेगळ्या गोष्टी आहेत. २५ किलो वजनाच्या प्रौढ, हालचाल करणाऱ्या कुत्र्याला दिवसाला साधारण १२०० ते १३०० किलोकॅलरी लागतात आणि त्यांतला चांगला भाग प्रथिनांतून यावा लागतो. भाकरी ठेवावी, पण तिच्या जोडीला उकडलेली अंडी, बिनमसाल्याचे शिजवलेले चिकन आणि थोडे दही असावे. शिजवलेली हाडे कधीही देऊ नयेत. ती टोकदार तुकडे होऊन फुटतात. घरात अंडेही चालत नसेल, तर तयार संतुलित खाद्य वेगळ्या डब्यात, वेगळ्या भांड्यात ठेवण्याची तडजोड निघू शकते. मात्र ती घरातल्या ज्येष्ठांना विचारून आधीच करावी. स्वयंपाकघरावरून सुरू झालेली कुरबुर शेवटी कुत्र्याच्या अंगावर येते.

छाती खोल असलेल्या कुत्र्यांत पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो, म्हणून दिवसाचे खाणे दोन वेळांत विभागावे आणि जेवणाआधी व नंतर निदान तासभर त्याला पळवू नये. पोट नगाऱ्यासारखे फुगले आणि कुत्रा उलटीचा प्रयत्न करूनही काही बाहेर पडत नसेल, तर सकाळची वाट पाहू नये.

आपल्याकडचे दोन पदार्थ विशेष लक्षात ठेवावेत. शेंगा चटणीत लसूण असते, आणि कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींना मारक आहेत. द्राक्षे आणि बेदाणे मूत्रपिंड निकामी करू शकतात. पंढरपूर भागातील बेदाणा घरोघरी येतो, त्यामुळे त्याचा डबा उंचावर ठेवावा.

सोलापूरच्या उन्हाळ्यात तो टिकेल का?

दख्खनचा असल्यामुळे थंड प्रदेशातल्या जातींपेक्षा तो बराच तग धरतो, पण एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या पुढे गेल्यावर त्यालाही मर्यादा आहे. चालणे सूर्य वर येण्याआधी उरकावे आणि संध्याकाळी रस्ता निवल्यावरच बाहेर पडावे. तळहाताची मागची बाजू डांबरावर पाच सेकंद टेकवता येत नसेल, तर त्याचे पंजेही भाजतील. गावात नळाला रोज पाणी येत नाही हे धरून त्याच्यासाठी वेगळी बादली भरून ठेवावी.

कुत्र्याचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९.२ अंश सेल्सियस असते. वेगाने धावल्यावर ते काही काळ चढतेच, म्हणून उन्हात मिनिटभर पळवणेही जिवावर बेतू शकते. धाप थांबत नाही, हिरड्या गडद लाल झाल्या, तोल जातो आहे, असे दिसले तर सावलीत घेऊन सर्व अंगावर नळाचे साधे पाणी ओतत राहावे, पंखा लावावा आणि त्याच अवस्थेत डॉक्टरांकडे न्यावे. ओला टॉवेल गुंडाळून ठेवणे हा आपल्याकडचा नेहमीचा उपाय इथे उलट काम करतो, कारण टॉवेल गरम होऊन उष्णता आतच कोंडून धरतो.

डॉक्टरांना मुद्दाम काय सांगावे?

भूल देण्याआधी हा नजरेने शिकार करणाऱ्या जातीचा किंवा तिच्या संकराचा कुत्रा आहे, हे सांगावे. या कुत्र्यांच्या अंगात चरबी अत्यल्प असते. ग्रेहाउंडमध्ये थायोपेंटोनसारख्या भुलीच्या औषधाचा अंमल नेहमीपेक्षा बराच लांबतो, असे दिसून आले आहे, म्हणून त्याच बांध्याच्या इतर कुत्र्यांबाबतही डॉक्टर सावध राहतात. डोस अंदाजाने न देता वजन करून द्यावा आणि शुद्धीवर येईपर्यंत अंग गरम ठेवावे.

रेबीजची लस, डिस्टेंपर-पार्व्होची लस आणि जंतनाशक यांच्या नोंदी आम्ही कुत्र्यासोबत देतो. रेबीजच्या लसीची पुढची तारीख पालकाने सांभाळायची असते. गोचिडांकडे दुर्लक्ष करू नये. खाणे सुटणे, ताप, फिकट हिरड्या, कॉफीच्या रंगाची लघवी किंवा नाकातून रक्त येणे ही गोचीड तापाची लक्षणे असू शकतात आणि रक्ताची तपासणी त्याच दिवशी व्हावी. गुरांच्या गोचिडांवरचे औषध मनाने पाण्यात कालवून कुत्र्याला चोळू नये. त्यातून विषबाधा होते.

पहिल्या काही आठवड्यांत काय अपेक्षित आहे?

वस्तीवर वाढलेल्या कुत्र्याने जिना, चकचकीत फरशी, काचेचे दार आणि मिक्सर यांतले काहीच पाहिलेले नसते. तो जिन्यापाशी अडून बसेल, फरशीवर पाय फाकून उभा राहील, दोन दिवस खाणार नाही. त्याला ओढू नये. फरशीवर गोणपाट किंवा जुन्या चादरी अंथराव्यात. झोपण्यासाठी तर दुपदरी सोलापुरी चादर उत्तमच. कोपरांवर मांस नसल्यामुळे उघड्या फरशीवर त्याला घट्टे पडतात. पाहुण्यांची रांग पंधरा दिवस थांबवावी. अक्कलकोट किंवा दक्षिण सोलापूरच्या बाजूने आलेला कुत्रा मराठी हाकेला ओळख देत नसेल, तर एकदा कन्नडमध्ये ‘बा’ म्हणून पाहावे.

यंत्रमागाच्या सलग आवाजाला कुत्री सरावतात. अचानक होणाऱ्या आवाजाला सरावत नाहीत. दिवाळीत आणि जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेच्या शोभेच्या दारूकामाच्या रात्री त्याला आतल्या खोलीत ठेवावे, चालणे उजेडातच उरकावे आणि दाराला कडी आहे याची खात्री करावी.

शर्यतीसाठी किंवा पिलांसाठी कुत्रा मिळेल का?

नाही. प्रत्येक प्रौढ कुत्रा नसबंदी करूनच दिला जातो आणि पिलांच्या बाबतीत पालक तसे लिहून देतात. ज्यांना प्रजननच करायचे आहे, त्यांच्यासाठी २०१७ चे श्वान प्रजनन नियम आणि त्यांतील नोंदणीचा मार्ग वेगळा आहे.

वयस्क कुत्रा घ्यावा का?

ज्यांनी याआधी शिकारी जातीचा कुत्रा सांभाळलेला नाही, त्यांनी सहा-सात वर्षांचाच घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याचा स्वभाव आधीच कळलेला असतो, मांजराशी जमते की नाही हे माहीत असते, आणि सकाळचे चालणे झाले की तो उरलेला दिवस तुमच्या सवडीने काढतो. पिलू मागणारे दहा असतात, वयस्क कुत्र्याला विचारणारा एखादाच.

जमले नाही तर परत करता येईल का?

येईल, केव्हाही. दुसऱ्या कोणाला परस्पर देऊ नये, आणि रस्त्यावर सोडणे हा तर गुन्हा आहे.

पट्टा सुटून तो पळून गेला तर?

मागे धावू नये आणि चारचौघांना आरडाओरडा करत त्याच्या मागे लावू नये. भेदरलेला कारवानी आणखी पाच किलोमीटर जाईल आणि कोणाच्याही हाती लागणार नाही. तो जिथून सुटला तिथे त्याची चादर आणि खाणे ठेवावे, घरातल्या एकाच ओळखीच्या माणसाने तिथे बसावे आणि फाटक उघडे ठेवावे. पाठलागाचा भर ओसरल्यावर बरीच कुत्री रात्री उशिरा किंवा पहाटे त्याच जागी फिरकतात. दूधवाले, मेंढपाळ, पेट्रोल पंपावरची रात्रपाळी आणि टोलनाक्यावरची माणसे यांना फोटो पाठवावा, कारण पहाटे रस्त्यावर तीच असतात. दिसल्यास पकडू नका, फक्त जागा कळवा, असे त्यांना आवर्जून सांगावे. पट्ट्यावरच्या पत्र्याच्या बिल्ल्यावर एकाऐवजी दोन फोन क्रमांक कोरून घ्यावेत, आणि त्यांतला एक अशा व्यक्तीचा असावा जी अनोळखी क्रमांकावरून आलेला फोन पहाटे चार वाजताही उचलते.